पायरी, जिना, न्हाणीघर : ब्रिटनमधील ‘केअर अँड रिपेअर’ची चाळीस वर्षे

न्हाणीघरात धरायला भिंतीला दांडा हवा असेल, तर चांगला सुतार ते काम तासाभरात उरकतो. सरळ जिन्याला सरकती खुर्ची बसवायला अर्धा दिवस पुरतो. टब उखडून त्या जागी सपाट जमिनीचे न्हाणीघर करायचे म्हटले, तरी ते आठवडा-दीड आठवड्याचे काम. ब्रिटनमध्ये मात्र या कामांसाठी वृद्ध आणि अपंग माणसांना महिनोन्‌महिने, कधी वर्ष उलटून जाईपर्यंत थांबावे लागत आले आहे. काम थोडे आणि वाट फार, असे का होते हे शोधून ती वाट कमी करण्यासाठी जी माणसे एकत्र आली, त्यांच्या कामाचा हा वृत्तान्त आहे.

संस्थेचा इतिहास म्हटले की एक वास्तू, एक घटना आणि भिंतीवर ओळीने लावलेली माजी अध्यक्षांची छायाचित्रे डोळ्यांपुढे येतात. इथे तसे काही नाही. शहराशहरांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरलेली छोटी कार्यालये, काही धर्मादाय न्यासांची, काही गृहनिर्माण संस्थांची, काही थेट नगरपालिकांची. सरकारी कागदांत त्या सगळ्यांना ‘होम इम्प्रूव्हमेंट एजन्सी’ म्हणतात. त्यांना देशपातळीवर एकत्र जोडण्यासाठी १९८६ साली ‘केअर अँड रिपेअर’ ही संस्था स्थापन झाली. त्या घटनेला चाळीस वर्षे होत असताना मागे वळून पाहणे उचित ठरेल.

पूर्वपीठिका : १९६० चे दशक

अडचणीचे मूळ घरांच्या बांधणीत आहे. ब्रिटनमधली जुनी घरे एकमेकांना भिंती लावून रांगेने उभी असतात. पुढच्या दाराशी पायऱ्या, आत शिरताच अरुंद आणि उभा जिना, झोपायच्या खोल्या वर, आणि न्हाणीघर एक तर वर किंवा मागे स्वयंपाकघराच्याही पलीकडे. कित्येक घरांत शौचकूप परसात होता. तरुणपणी या घरांचे काही वाटत नाही. गुडघे बोलू लागले, किंवा पक्षाघाताने एक बाजू गेली, की तेच घर परके होते. आंघोळीसाठी जवळजवळ अर्धा मीटर उंचीची टबाची कड ओलांडावी लागते, आणि ओल्या पायांनी पुन्हा बाहेर यावे लागते.

घरात दोष आहे, माणसात नाही, हे नेमक्या मापांच्या भाषेत सांगणारे पहिले महत्त्वाचे नाव सेल्विन गोल्डस्मिथ यांचे. ते वास्तुरचनाकार होते. १९५६ साली त्यांना पोलिओ झाला. १९६३ मध्ये ‘डिझायनिंग फॉर द डिसेबल्ड’ हे त्यांचे पुस्तक निघाले आणि दाराची रुंदी, खटक्याची उंची, शौचकूपाशेजारची मोकळी जागा यांची मापे प्रथमच आराखडा काढणाऱ्यांच्या टेबलावर आली. पुढे नॉर्विच शहरात चाकाच्या खुर्चीतून फिरणाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून त्यांनी अभ्यास केला. पदपथाची कड उतरती करण्याची कल्पना तिथेच मूळ धरून वाढली. नव्या इमारतींना याचा उपयोग झाला. जुन्या घरात राहणाऱ्या म्हातारीचे काय, हा प्रश्न तसाच राहिला.

१९७० ते १९८० : कायदा आला

मँचेस्टरच्या विदनशॉ मतदारसंघाचे मजूर पक्षाचे खासदार आल्फ मॉरिस यांनी खासगी विधेयक म्हणून मांडलेला ‘क्रॉनिकली सिक अँड डिसेबल्ड पर्सन्स ॲक्ट’ २९ मे १९७० रोजी मंजूर झाला. निवडणुकीसाठी संसद विसर्जित होण्याच्या अगदी तोंडावर तो पार पडला, थोडक्यात बचावला म्हटले तरी चालेल. मॉरिस यांच्या वडिलांना पहिल्या महायुद्धात विषारी वायूची बाधा झाली होती आणि आजारपण म्हणजे घरावर काय ओढवते हे त्यांनी लहानपणीच पाहिले होते. १९७४ मध्ये ते अपंगविषयक खात्याचे मंत्री झाले. असे मंत्रिपद जगात पहिलेच मानले जाते.

या कायद्याच्या दुसऱ्या कलमाने अपंग व्यक्तीच्या घरात आवश्यक ते फेरफार करून घेण्यासाठी साहाय्य करणे ही स्थानिक संस्थांची जबाबदारी ठरवली. १९७४ च्या गृहनिर्माण कायद्याने घरसुधारणेच्या अनुदानाचा दरवाजाही अशा कामांसाठी किलकिला केला. कागदावर हक्क मिळाला. पण हक्क मागायचा कोणाकडे, अर्ज कसा भरायचा, गवंडी कोण आणायचा आणि त्याने फसवले तर काय करायचे, यांपैकी काही कायद्यात नव्हते आणि असणे शक्यही नव्हते.

ती उणीव भरून काढण्याची पहिली धडपड वेल्समध्ये झाली. ऱ्होंडा खोऱ्यात कोळशाच्या खाणींच्या कडेने कामगारांची घरे आहेत, आणि तिथे मालकीच्या घरात राहण्याची परंपरा जुनी. खाणीत फुप्फुसे गमावलेला निवृत्त कामगार घराचा मालक असे, पण छप्पर दुरुस्त करण्याइतकी पुंजी त्याच्यापाशी नसे. बेघरांसाठी काम करणाऱ्या ‘शेल्टर’ या संस्थेने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या फर्नडेल गावात घरसुधारणा सेवा सुरू केली. त्याच सुमारास ‘अँकर’ या गृहनिर्माण न्यासाने ‘स्टेइंग पुट’ नावाचा उपक्रम हाती घेतला. म्हाताऱ्यांनी आपले घर विकून वृद्धांसाठी बांधलेल्या वसाहतीत यावे, हा तोवरचा सरळ सल्ला होता. अँकर स्वतः अशा वसाहती बांधणारी संस्था. तिनेच ‘राहा आहात तिथेच, घर आम्ही नीट करून देतो’ असे म्हणावे, याचे कौतुक करायला हवे.

१९८० ते १९९० : तीन माणसांचे कार्यालय

ऐंशीच्या दशकात असे उपक्रम ठिकठिकाणी उभे राहिले. साचा साधारण सारखा होता. एक छोटे कार्यालय आणि बहुधा तीन माणसे. पहिला माणूस घरी जाऊन बसणारा, ऐकून घेणारा, पैशांची सोय बघणारा; त्याला ‘केसवर्कर’ म्हणू लागले. दुसरा बांधकामातला जाणकार, मापे घेणारा, नकाशा काढणारा, कंत्राटदाराच्या बिलावर लाल पेन चालवणारा. तिसरा फायली आणि फोन सांभाळणारा.

या लेखकाच्या मते चळवळीचे सगळे मर्म त्या पहिल्या माणसात आहे. अनुदान नगरपालिका देते, गरज आहे असे प्रमाणपत्र समाजसेवा खात्याचा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजचे व्यवहार माणसाला कसे जमतील हे पाहणारा तज्ज्ञ) देतो, डॉक्टर आजाराचे लिहून देतो, घरमालक परवानगी देतो आणि काम कंत्राटदार करतो. या पाचही जणांना एकमेकांची गाठ पडण्याचे काही कारण नसते. त्यांच्यामधले हेलपाटे घालायचे ते अर्जदाराने, म्हणजे ज्याला दारापर्यंत चालवत नाही त्यानेच. केसवर्करने ते हेलपाटे आपल्या अंगावर घेतले. यात नवे तंत्र नव्हते, मोठे तत्त्वज्ञानही नव्हते. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आपणहून जात नाही, तिला हाताला धरून न्यावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

दुसऱ्या माणसाची गोष्टही थोडी सांगायला हवी, कारण त्याचे काम दिसत नाही. भिंतीला दांडा लावायचा म्हटला की आधी भिंत वाजवून पाहावी लागते. वीट असेल तर प्रश्न नाही. जुन्या घरांत मात्र लाकडी पट्ट्यांवर चुना थापलेल्या पोकळ भिंती असतात. तिथे नुसता स्क्रू पिळला, तर घसरत्या माणसाचा भार पडताच दांडा भिंतीसकट हातात येतो, आणि तो नसता तर बरे झाले असते अशी वेळ येते. म्हणून मागे फळी ठोकून मग दांडा बसवायचा. किती उंचीवर? त्याला पुस्तकातले उत्तर नाही. त्या व्यक्तीला कमोडवर बसवायचे, उठायला सांगायचे आणि तिचा हात आपसूक जिथे जातो तिथे पेन्सिलीची खूण करायची.

अशा अनुभवांची देवाणघेवाण व्हावी, सरकारशी एकमुखाने बोलता यावे आणि नव्या कार्यालयांना हात मिळावा, यासाठी १९८६ मध्ये ‘केअर अँड रिपेअर’ ही राष्ट्रीय संस्था आकाराला आली. वेल्स आणि स्कॉटलंडमध्येही पुढे याच नावाच्या स्वतंत्र संस्था वाढल्या. दशकाच्या शेवटी १९८९ चा स्थानिक शासन आणि गृहनिर्माण कायदा झाला आणि त्यात ‘डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट’ या नावाचे स्वतंत्र अनुदान प्रथमच अवतरले.

१९९० ते २००० : सहा महिने थांब

हे अनुदान १९९० पासून मिळू लागले. त्याचे वैशिष्ट्य असे की ते ऐच्छिक नव्हते. अर्जदार नियमांत बसत असेल, काम ‘आवश्यक आणि योग्य’ असेल आणि त्या घरात ते ‘वाजवी आणि शक्य’ असेल, तर नगरपालिकेला नाही म्हणता येत नाही. घर मालकीचे असो वा भाड्याचे, हक्क तोच. १९९६ च्या कायद्याने याची घडी पक्की बसवली. घरात शिरता येणे, बैठकीच्या खोलीत जाता येणे, झोपायला जागा, शौचकूप, आंघोळ, स्वयंपाक, घर गरम ठेवणे, दिव्याच्या खटक्यापर्यंत हात पोचणे अशी कामांची यादीच त्यात आहे.

त्याच कायद्यात एक मुदतही आहे. पूर्ण अर्ज आल्यावर नगरपालिकेने सहा महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही आपल्याकडची म्हण तिकडे कायद्याच्या कलमात जाऊन बसलेली पाहून मराठी वाचकाला हसू येईल. पण त्यातली खरी मेख ‘पूर्ण अर्ज’ या दोन शब्दांत आहे. थेरपिस्टची भेट, उत्पन्नाची चौकशी, नकाशा, कंत्राटदारांची दरपत्रके आणि घरमालकाची संमती जोडल्याशिवाय अर्ज पूर्ण होत नाही, आणि तोवर घड्याळ सुरूच होत नाही. वाट पाहण्याचा सर्वांत लांब पल्ला त्याआधीच संपलेला असतो आणि तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

त्यात इंग्लंडच्या बऱ्याच भागात स्थानिक कारभार दोन मजल्यांचा. समाजसेवा खाते काउंटीकडे, गृहनिर्माण डिस्ट्रिक्टकडे. गरज ठरवणारा एका कार्यालयात, पैसे देणारा दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या कार्यालयात. दोघांचे अंदाजपत्रक वेगळे, वरिष्ठ वेगळे, निवडून आलेले सभासदही वेगळे. पैसे मर्यादित असले की मागणी आपल्या दाराशी न येता शेजारच्याच्या दाराशी थांबली तर बरे, असे कोणालाही वाटणारच. रांगा वाढल्या, एवढे खरे.

अनुदानाची कमाल मर्यादा १९९४ मध्ये २०,००० पौंडांवर आणली गेली. हा आकडा मोठा वाटतो, पण चाकाच्या खुर्चीसाठी घर लायक करायचे म्हणजे काय हे एका साध्या हिशोबावरून कळते. एका पायरीची उंची साधारण १५० मिलिमीटर. उताराचे प्रमाण १:१२ धरले तर एका पायरीसाठी १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. दारापुढे तीन पायऱ्या असतील तर ५.४ मीटर. वर दारापाशी खुर्ची थांबवून कुलूप उघडायला सपाट चौथरा हवा, तो आणखी सव्वा मीटर. रांगेतल्या घरांपुढे अंगण म्हणून असते ते जेमतेम दोन-तीन मीटरचे, पुढे लगेच सार्वजनिक पदपथ. मग उतार वळवून घ्या, मागच्या गल्लीतून काढा, नाहीतर पायऱ्यांशेजारी छोटा उचलता पाट बसवा. प्रत्येक पर्यायाला नवा नकाशा, नवे दरपत्रक आणि नवे महिने.

याच दशकात, १९९३ पासून, वृद्धांची काळजी शक्यतो त्यांच्या घरीच घ्यायची हे सरकारी धोरण पूर्णपणे अमलात आले. त्यामुळे घरसुधारणा हा बांधकाम खात्याचा किरकोळ विषय राहिला नाही. निवृत्त गवंडी, माजी परिचारिका, नगरपालिकेतले अनुदान अधिकारी, संचालक मंडळांवर विनामोबदला बसणारी मंडळी अशा कित्येकांनी या वर्षांत कार्यालये टिकवून धरली. त्यांची नावे देऊ म्हटले तर हा लेख पुरणार नाही.

२००० ते २०१० : लहान कामांना मोकळी वाट

२००० साली इंग्लंडमधल्या घरसुधारणा संस्थांच्या समन्वयाची सरकारी जबाबदारी ‘फाउंडेशन्स’ या संस्थेकडे आली. केअर अँड रिपेअरने वृद्धांच्या घरांविषयीचे धोरण, अभ्यास आणि पाठपुरावा यांवर भर ठेवला. दोन्हींच्या वाटा थोड्या वेगळ्या झाल्या, मुक्काम एकच राहिला.

या दशकातले सर्वांत मोलाचे शहाणपण म्हणजे लहान कामे मोठ्या कामांच्या रांगेतून बाहेर काढणे. दांडा आणि लिफ्ट यांना एकच अर्ज, एकच थेरपिस्ट आणि एकच रांग असेल तर दांडाही वर्षभर थांबतो. वेल्समध्ये २००२ साली ‘रॅपिड रिस्पॉन्स ॲडॅप्टेशन्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. दांडे, कठडे, दाराशी छोटा उतार अशी कामे दीर्घ चौकशीविना, रुग्णालयातून सूचना येताच काही दिवसांत करून द्यायची. वयस्क आई रुग्णालयातून शुक्रवारी सुटणार आणि घरी जिन्याला एकाच बाजूला कठडा, अशा वेळी हे काम किती महत्त्वाचे ठरते हे वेगळे सांगायला नको. इंग्लंडमध्ये २००३ च्या नियमांनी १,००० पौंडांपर्यंतची किरकोळ फेरफाराची कामे समाजसेवा खात्याने विनामूल्य करून द्यावीत असे ठरले. हत्यारांची पेटी घेऊन गाडीतून फिरणारा ‘हँडीपर्सन’ हा या सेवांचा सर्वांत लाडका चेहरा झाला. तो दांडा लावायला येतो आणि जाता जाता सैल झालेला गालिचा ठोकतो, जिन्यावरचा दिवा बदलतो. जाता जाता केलेल्या या कामांची नोंद कुठे होत नाही.

अभ्यासाची बाजूही बळकट झाली. ब्रिस्टल विद्यापीठातल्या फ्रान्सेस हेवूड यांचा ‘मनी वेल स्पेंट’ हा अहवाल २००१ मध्ये निघाला. लोकांच्या घरी जाऊन त्यांनी पाहिले होते. लहान फेरफारांचा लाभ जवळजवळ सर्वांना होतो आणि टिकतो. मोठी कामे फसतात ती बहुधा घरच्या माणसांना न विचारता मापे घेतल्यामुळे, हा त्याचा सारांश आजही कार्यालयांत सांगितला जातो.

अपंग मुलांच्या पालकांच्या उत्पन्नाची चौकशी करण्याची अट इंग्लंडमध्ये डिसेंबर २००५ मध्ये गेली. त्याआधी दोघे नोकरी करणारे आईबाप कागदोपत्री सुखवस्तू ठरत आणि मूल दहा-बारा वर्षांचे होईपर्यंत त्याला जिन्यावरून उचलून नेत. पालकांनी चालवलेल्या मोहिमेचे हे यश. २००८ मध्ये अनुदानाची मर्यादा ३०,००० पौंड झाली, आणि बागेत जाता येणे हीही गरज मानली गेली. ज्यांनी ब्रिटिश म्हाताऱ्यांची बाग पाहिली आहे, त्यांना ही सुधारणा किरकोळ वाटणार नाही.

२०१० ते २०२० : पैसा कमी, पैसा जास्त

दशकाची सुरुवात काटकसरीने झाली. नगरपालिकांची अंदाजपत्रके आखडली, काही घरसुधारणा संस्था शेजारच्या संस्थेत विलीन झाल्या, काही बंद पडल्या. जुन्या कार्यकर्त्यांना ही वर्षे आठवायला आवडत नाहीत.

उलट अनुदानाचा पैसा वाढत गेला. २०१५ पासून तो ‘बेटर केअर फंड’ या आरोग्य आणि समाजसेवेच्या सामाईक निधीतून येऊ लागला. २०१५-१६ मध्ये इंग्लंडसाठी २२ कोटी पौंड होते, २०१९-२० मध्ये ५० कोटी ५० लाख. घर नीट असेल तर पडण्याचे अपघात, रुग्णालयातले दिवस आणि वृद्धाश्रमाचा खर्च वाचतो, हा युक्तिवाद अखेर अर्थखात्याला पटला. फाउंडेशन्सने काढलेल्या आकड्यांत अनुदान मिळालेली माणसे वृद्धाश्रमात गेली ती सरासरी चार वर्षे उशिरा. असे आकडे जपून वापरावेत, कारण ज्यांना घरातून पाठबळ असते तेच अर्जही नेटाने करतात. तरी दिशा स्पष्ट आहे.

पैसा आला म्हणून वेग आला असे मात्र झाले नाही. थेरपिस्ट कमीच होते आणि टेबले तितकीच होती. २०१६ मध्ये इंग्लंडच्या स्थानिक शासन लोकपालांनी घरफेरफारातल्या दिरंगाईवर स्वतंत्र अहवाल काढला. म्हणूनच लेस्टरशरमधल्या प्रयोगाकडे सर्वांचे लक्ष गेले. तिथे काउंटी आणि सातही डिस्ट्रिक्ट मिळून २०१७ मध्ये ‘लाइटबल्ब’ नावाची एकच सेवा उभी राहिली, तिचे यजमानपद ब्लेबी डिस्ट्रिक्टकडे. घरी एकच समन्वयक जातो. मोटारीची वार्षिक तपासणी करावी तशी तो घराची करतो, आणि दांड्यापासून हिवाळ्यातल्या ऊबेपर्यंत जे लागेल त्याची व्यवस्था एकाच भेटीतून सुरू करतो. साध्या कामांसाठी तो स्वतः निर्णय घेण्याइतका प्रशिक्षित असतो. थेरपिस्ट गुंतागुंतीच्या कामांसाठी मोकळे राहतात. या सेवेची माणसे रुग्णालयातही बसतात. ऱ्होंडातल्या त्या पहिल्या केसवर्करला हे सगळे ओळखीचे वाटले असते.

शीला मॅकिंटॉश यांच्या नेतृत्वाखाली वेस्ट ऑफ इंग्लंड विद्यापीठाने केलेला अनुदानाचा सविस्तर आढावा डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठोपाठ २०१९ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या रॉयल कॉलेजने ‘ॲडॅप्टेशन्स विदाउट डिले’ ही मार्गदर्शिका काढली. काम किती पौंडांचे आहे यावरून रांग ठरवू नका, ते किती गुंतागुंतीचे आहे यावरून ठरवा, हा तिचा आग्रह. सपाट न्हाणीघर महाग असले तरी शेकडो घरांत तेच ते काम असते; त्यासाठी प्रत्येक वेळी तज्ज्ञाची भेट कशाला? इतकी सरळ गोष्ट व्यावसायिकांच्या संस्थेनेच सांगितली, ही त्यांची उदारता.

२०२० पासून आजवर

कोविडच्या टाळेबंदीत घरभेटी थांबल्या. थेरपिस्ट व्हिडिओवरून घर पाहू लागले, नातवंडे मोबाइल हातात धरून न्हाणीघराची मापे सांगू लागली. त्यातले काही पुढेही चालू राहिले, आणि बरे झाले.

वेल्सने २०२१ मध्ये लहान आणि मध्यम कामांसाठी उत्पन्नाची अट काढून टाकली. इंग्लंडमध्ये मार्च २०२२ मध्ये सरकारने नगरपालिकांसाठी नवी मार्गदर्शक सूचना काढली. तिच्यात पहिल्या फोनपासून काम पुरे होईपर्यंतच्या मुदती सुचवल्या आहेत : साधे आणि तातडीचे काम असेल तर ५५ कामकाजाचे दिवस, साधे पण तातडीचे नसेल तर १३०, गुंतागुंतीचे आणि तातडीचे असेल तर १३०, गुंतागुंतीचे पण थांबू शकेल असे असेल तर १८०. पहिल्या फोनपासून मोजणी, हे यातले खरे पाऊल. ज्या महिन्यांना आजवर कोणी महिने म्हणत नव्हते, ते आता मोजले जाऊ लागले आहेत.

इंग्लंडचा निधी २०२५-२६ मध्ये ७१ कोटी १० लाख पौंडांवर गेला. कमाल मर्यादा मात्र २००८ मध्ये ठरली तीच, ३०,००० पौंड. मधल्या काळात सिमेंट, मजुरी, सगळेच वाढले. नगरपालिका आपल्या अखत्यारीत वर भर घालू शकतात, काही घालतातही. पण ती मर्यादा वाढायला हवी, याबद्दल या क्षेत्रात दुमत आढळत नाही.

या इतिहासात मराठी माणसांचाही धागा आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. साठ-सत्तरच्या दशकांत तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत गेलेले डॉक्टर आज ऐंशीच्या घरात आहेत, वरच्या मजल्यावर न्हाणीघर असलेल्या घरांत राहताहेत, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना घरी धाडताना ‘जिना किती पायऱ्यांचा?’ असे विचारणारे ते आता तो प्रश्न ऐकण्याच्या बाजूला आहेत. टब काढून केलेल्या ‘वेट रूम’मध्ये उंबरठा नसतो, जमीन एका बाजूला उतरती असते आणि कोपऱ्यात पाणी जायला जाळी. इंग्रज शेजाऱ्याला ती नवलाई वाटते. आपल्या आजीला ती मोरी वाटते; स्टूल आणि बादली-तांब्या तेवढा आणला की झाले.

आपल्या माणसांत या सेवेकडे जाण्याचा संकोच अजून आहे. अनुदान म्हणजे दान, आणि आपण कशाला घ्यायचे, असे कित्येकांना वाटते. मुलगा किंवा सून रविवारी कोणी ओळखीचा प्लंबर आणते आणि काम उरकते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मंजुरीच्या आधी सुरू केलेल्या कामाला हे अनुदान सहसा मिळत नाही. तेव्हा ब्रिटनमध्ये ज्यांचे आईवडील, सासूसासरे किंवा शेजारी एकटे राहत असतील त्यांनी आधी काउंटीच्या किंवा नगरपालिकेच्या समाजसेवा विभागाला किंवा आपल्या भागातल्या घरसुधारणा संस्थेला फोन करून थेरपिस्टची भेट मागावी, फोन केल्याची तारीख लिहून ठेवावी, आणि मंजुरीचे पत्र हाती आल्याशिवाय टबाला हात लावू नये.